प्लांटॅरिस आणि 'सप्लांट' : नावात तळपाय, प्रत्यक्षात नाही

लकडीपूल

गुडघ्याच्या मागे उगम पावणारा प्लांटॅरिस नावाचा चिमुकला स्नायू आणि 'सप्लांट' हे इंग्रजी क्रियापद या दोघांचे मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये 'प्लांटा' म्हणजे तळपाय. स्नायूच्या नावात तो उघडच दिसतो. क्रियापदात त्याला 'खाली' या अर्थाचा 'सब' हा उपसर्ग लागून 'सप्लांतारे' असे रूप झाले. समोरच्याच्या पायाखाली काही सारून त्याला आडवा करणे, म्हणजे आपण ज्याला पायात पाय घालणे म्हणतो तेच, हा त्याचा मूळ अर्थ. गंमत अशी की माणसाच्या पायातला प्लांटॅरिस आज तळपायापर्यंत पोहोचतच नाही, आणि आजच्या इंग्रजीत एका गोष्टीने दुसरीला 'सप्लांट' केले, म्हणजे तिची जागा घेतली, असे म्हणताना कोणाचाही पाय कोणाच्या पायात अडकत नाही. दोघांनी आडनाव तेवढे राखले आणि गाव सोडले.

हे सुचण्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. पेशवाईवरच्या एका जुन्या इंग्रजी लेखाचे मी सध्या मराठी करतो आहे आणि त्यात हे क्रियापद पदोपदी भेटते. एके ठिकाणी लेखक म्हणतो की रघुनाथरावांनी पुतण्याला 'सप्लांट' केले. दुसऱ्या ठिकाणी तोच लेखक म्हणतो की पुण्याने साताऱ्याला 'सप्लांट' केले. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द चालून जातो. मराठीत पहिल्या वाक्यासाठी 'जागा घेतली' असे लिहिले तर १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात जे घडले ते एखाद्या बदलीच्या हुकुमासारखे वाटू लागते. आणि दुसऱ्या वाक्यासाठी 'दगाबाजीने हुसकावले' असे लिहिले तर इतिहासावर अन्याय होतो. भाची वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिच्या टेबलावर पोटरीच्या स्नायूंची चित्रे पसरलेली असतात, त्यामुळे क्रियापदाचा शोध घेता घेता हा स्नायूही हाती लागला. येथे शरीरशास्त्र जाणणारे आणि लॅटिन वाचणारे असे दोन्ही प्रकारचे सभासद आहेत. दोन्ही अंगांनी लिहावे, ही विनंती.

शरीरशाळा

स्नायूच्या बाजूने मी लिहिते. पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीररचनाशास्त्र शिकवते आणि दर वर्षी पोटरीचे विच्छेदन सुरू झाले की या स्नायूवरून एक ठरलेला प्रसंग घडतो.

प्लांटॅरिसचा मांसल भाग पाच ते दहा सेंटिमीटरांचा, फार तर बोटाएवढा असतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला, पोटरीला गोलाई देणाऱ्या गॅस्ट्रॉक्निमियसच्या बाहेरच्या डोक्याच्या जरा वर तो सुरू होतो आणि गुडघ्यामागेच संपतो. तिथून पुढे फक्त कंडरा, म्हणजे टेंडन. ही कंडरा मात्र शरीरातल्या सर्वांत लांब कंडरांपैकी एक आहे. वरचा गॅस्ट्रॉक्निमियस आणि खालचा सोलियस यांच्या मधून ती बाहेरून आतल्या अंगाला तिरकी उतरते आणि अकिलीस टेंडनच्या, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड कंडरेच्या, आतल्या कडेने जाऊन टाचेच्या हाडाला चिकटते. गॅस्ट्रॉक्निमियस बाजूला सारला की सोलियसवर एक चपटी, पांढरी, चकाकणारी फीत पडलेली दिसते. मुले हमखास विचारतात, "मॅडम, ही नर्व्ह कोणती?" इंग्रजी भाषक जगात या कंडरेला 'पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची नर्व्ह' असे टोपणनावच पडलेले आहे. मी उत्तर देत नाही. ती फीत वरच्या टोकापर्यंत सोडवत न्यायला सांगते. टोकाला लाल मांस लागले की प्रश्न आपोआप मिटतो.

आता तळपायाविषयी. अनेक माकडांमध्ये ही कंडरा टाचेला वळसा घालून खाली उतरते आणि तळव्याच्या कातडीखालच्या जाड पडद्याला, प्लांटर अपोन्यूरोसिसला, जाऊन मिळते. अशा पायात स्नायू आखडला की तळवा ताणला जातो आणि फांदी पकडायला त्याचा उपयोग होतो. माणूस टाच टेकवून चालू लागला, टाचेचे हाड मोठे होऊन मध्ये आले आणि कंडरेचा रस्ता तिथेच संपला. तळव्याचा पडदा आपल्याकडेही आहे, पण वरच्या स्नायूशी त्याचा संबंध उरलेला नाही. त्यामुळे नाव आणि गाव यांची फारकत झाली, हे लकडीपूल यांचे म्हणणे माणसापुरते बरोबर आहे.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधते, कारण पुढच्या प्रतिसादांत ती येणारच. या स्नायूला 'निरुपयोगी अवशेष' म्हणण्याची घाई करू नये. ओढण्याच्या कामात त्याचा वाटा नगण्य आहे हे खरे. शेजारच्या दोन दांडग्या स्नायूंपुढे त्याची ताकद कोठेच लागत नाही. परंतु त्याच्या आकाराच्या मानाने त्यात स्नायूंचा ताण मोजणारी संवेदी टोके पुष्कळ आढळतात. यावरून तो पाय आणि गुडघा कोणत्या स्थितीत आहेत याची वर्दी मेंदूला देत असावा, असे अनेक शरीरशास्त्रज्ञांचे मत आहे.

कसबाकर

मॅडम, हा स्नायू काही लोकांत नसतोच असे ऐकून आहे. आपल्याला आहे की नाही, हे घरबसल्या कसे कळावे?

शरीरशाळा

कसबाकर, शंभरातल्या सात ते दहा पायांत तो नसतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. मी पायांत म्हणते आहे, माणसांत नव्हे; कारण एका पायात असून दुसऱ्यात नसणे हेही आढळते. घरबसल्या मात्र कळणार नाही. तो इतका खोल आणि बारीक आहे की त्याच्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. हातातला त्याचा भाऊबंद, पामॅरिस लाँगस, ओळखणे सोपे आहे. अंगठा आणि करंगळीची टोके जुळवा, मनगट थोडे आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उभी राहिली तर तो आहे. पण हातात नसला म्हणजे पायातही नसेल, असा निष्कर्ष काढता येत नाही.

हे दोघेही नसले तरी माणसाचे काही अडत नाही आणि म्हणूनच शल्यचिकित्सकांना ते प्रिय आहेत. हाताच्या बोटाची कंडरा तुटून वाया गेली की तिच्या जागी बसवायला बहुधा आधी पामॅरिसची कंडरा काढतात, आणि ती नसली किंवा आखूड पडली तर प्लांटॅरिसची. घोट्याजवळ लहानसा छेद घेऊन लांबच लांब कंडरा ओढून काढता येते. पाय आपला चालत राहतो.

स्वाती_फिजिओ

या स्नायूवर एक आळ शंभराहून अधिक वर्षे होता, त्याबद्दल लिहिते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉन टेनिस नव्याने लोकप्रिय झाले तेव्हा मध्यमवयीन खेळाडू खेळताना एकदम पोटरी धरून खाली बसू लागले. मागून कोणी काठी मारली की काय, असे वाटून ते वळून पाहत. या दुखण्याला 'टेनिस लेग' असे नाव पडले आणि प्लांटॅरिसची कंडरा तुटल्यामुळे ते होते, असे ठरवले गेले. बारीक, लांब, दोरीसारखी कंडरा, तेव्हा तीच तुटत असणार, असा तो तर्क. पुढे सोनोग्राफी आली आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १४१ रुग्णांच्या पोटऱ्या तपासल्या गेल्या. त्यांच्यापैकी दोन तृतीयांश जणांच्या गॅस्ट्रॉक्निमियसच्या आतल्या डोक्याला चीर पडलेली होती. प्लांटॅरिस तुटलेला निघाला फक्त दोघांमध्ये.

आमच्याकडे टेनिसवाले थोडे आणि पर्वतीवाले जास्त येतात. वर्षभर बसून काढायचे आणि एखाद्या रविवारी उत्साहाने पर्वतीच्या पायऱ्या धावत चढायच्या, हा पुण्यातला नेहमीचा प्रकार. पायरीवर पुढचा चवडा टेकलेला, गुडघा सरळ आणि टाच हवेत, अशा स्थितीत शरीराचा भार एकदम वर ढकलला की पोटरीत 'टच्' असा आवाज येतो. 'पोटरीची शीर तुटली' असे म्हणत येणाऱ्यांना मी आधी घोटा हलवायला सांगते आणि नंतर पालथे झोपवून पोटरी दाबून पाहते. दाबल्यावर पाऊल हलले तर अकिलीस शाबूत आहे, असे धरून पुढचा विचार करता येतो.

एक सूचना गांभीर्याने घ्यावी. त्याच अभ्यासात जवळपास दहा टक्के रुग्णांना स्नायूची दुखापत नसून पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होती. पोटरी सुजली, गरम लागली, आणि विशेषतः धावणे किंवा उडी मारणे असे काही घडलेले नसताना दुखू लागली, तर मालीश करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

मुळाकाठ

क्रियापदाची बाजू अजून उघडली नाही, ती मी घेतो.

'सप्लांतारे'चा पाडण्याचा अर्थ किती ठसठशीत होता, ते सिसेरोच्या कर्तव्यांवरच्या ग्रंथात दिसते. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या या ग्रंथात तो ख्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञाचा दाखला देतो. शर्यतीत धावणाऱ्याने जिंकण्यासाठी जिवाचे रान करावे, पण सोबत धावणाऱ्याला पाय आडवा घालून पाडू नये किंवा हाताने ढकलू नये, असा त्याचा आशय. 'पाय आडवा घालून पाडणे' या ठिकाणी मुळात हेच क्रियापद आहे. मात्र सिसेरो शर्यतीविषयी बोलतच नाही; दुसऱ्याचे हिरावून आपला लाभ करून घेण्याविषयी बोलतो आहे. म्हणजे धावपट्टीवरचा हा शब्द नीतिशास्त्रात शिरला तो त्या काळीच.

पुढचे वळण बायबलमुळे आले. याकोब जन्मला तो जुळ्या भावाची, एसावाची, टाच धरून. हिब्रूत टाचेला 'आकेव' म्हणतात आणि याकोबाच्या नावाचा तिच्याशी संबंध लावलेला आहे. मोठेपणी तो थोरल्या भावाचा ज्येष्ठत्वाचा हक्क आणि बापाचा आशीर्वाद दोन्ही पटकावतो, तेव्हा एसाव संतापून म्हणतो की याचे नाव याकोब ठेवले ते योग्यच, कारण याने मला दोनदा असे केले. 'असे केले' या जागी हिब्रूत टाचेवरून बनलेले क्रियापद आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन भाषांतर हाती घेतले तेव्हा त्याने तिथे 'सप्लांतारे' योजले. टाचेची कोटी तळपायावर निभावली! यातून या शब्दाला कायमचा एक रंग चढला : धाकट्याने थोरल्याला, आतल्या माणसाने आतल्याच माणसाला, कपटाने बाजूला करणे. जुन्या फ्रेंचमधून तो चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरला तेव्हा हा रंग घेऊनच उतरला, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात एसावाच्या तोंडी तोच शब्द आहे.

त्याच सुमाराच्या शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकातही हा शब्द आहे, आणि तोही भावानेच भावाचे मिलानचे राज्य बळकावल्याच्या संदर्भात. मिल्टनने १६६७ च्या आपल्या महाकाव्यात मात्र मूळ शारीरिक अर्थ पुन्हा जागा केला. सैतानाचा सर्प होतो तेव्हा त्याचे पाय एकमेकांत गुंततात आणि तो 'सप्लांट' होऊन कोसळतो. देवाचे सिंहासन बळकावायला निघालेला तो, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला. मिल्टन लॅटिनचा पंडित होता. दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसवण्याची ही संधी तो सोडणार नव्हता.

यानंतर कर्ता बदलला आणि इथेच शब्दाचा स्वभाव पालटला. माणसाच्या जागी वस्तू, पद्धत, कल्पना कर्ता म्हणून येऊ लागली. विजेच्या दिव्याने कंदिलाला 'सप्लांट' केले. दिव्याच्या मनात कपट असणार नाही, त्यामुळे कपट गळाले. उरले ते फक्त जागा घेणे, आणि नवे जुन्यापेक्षा वरचढ ठरल्याची एक पुसट छटा.

जाता जाता : भाषाशास्त्रज्ञ 'प्लांटा'चा संबंध 'सपाट, पसरट' या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात. संस्कृतातले 'पृथु' आणि 'पृथ्वी' त्याच घराण्यातले.

खोखोपटू_निवृत्त

मुळाकाठ यांनी सिसेरोची शर्यत आणली, मी खो-खो आणतो. या खेळाच्या नियमांना लिखित रूप देण्यासाठी १९१४ मध्ये पुण्याच्याच डेक्कन जिमखान्यावर समिती बसली होती, तेव्हा हा खेळ या धाग्यावर परका नाही.

'सप्लांट'चे दोन अर्थ मराठीत 'खो' या एकाच शब्दाच्या दोन वाक्प्रचारांत विभागलेले आहेत, असे मला वाटते. पाठलाग करणारा गडी बसलेल्या सोबत्याच्या मागे जाऊन त्याच्या पाठीला हात लावतो, 'खो' म्हणतो, बसलेला उठतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. ही निव्वळ जागेची अदलाबदल आहे. यात वैर नाही, उलट खो वेळेवर दिला नाही तर आपलाच संघ बुडतो. त्याउलट 'खो घालणे' म्हणजे दुसऱ्याच्या कामात पाय अडकवणे, त्याचा बेत मोडणे. देणे आणि घालणे एवढाच फरक. दोन्हीत काम मागूनच होते, हा भाग निराळा. समोरून दिलेला खो पंच धरत नाहीत.

कसबाकर

लकडीपूल, तुम्ही शोधता आहात तो पाय मराठीत आधीपासून आहे. 'पद' म्हणजे पाऊल आणि 'पद' म्हणजे अधिकाराची जागा. 'पदच्युत' या शब्दात दोन्ही बसतात. 'पायउतार' तर रोज वर्तमानपत्रात वाचतो. घोड्यावरून किंवा पालखीतून खाली उतरणे हा त्याचा अर्थ आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुख्यमंत्री पायउतार झाले म्हणताना घोडा कोणीच शोधत नाही. मला वाटते, दोन्ही वाक्यांत 'पदच्युत केले' लिहावे आणि मोकळे व्हावे.

लकडीपूल

कसबाकर, 'पदच्युत' सुंदर आहे, पण तुमच्या सल्ल्याप्रमाणे लिहिले तर दोन्ही वाक्ये खोटी ठरतील, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

रघुनाथरावांच्या बाबतीत 'पदच्युत' अपुरे पडते. पदच्युत झालेला माणूस जिवंत राहू शकतो. नारायणराव मारले गेले, आणि 'धरावे'चे 'मारावे' झाल्याची, म्हणजे 'ध'चा 'मा' झाल्याची दंतकथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. तिचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी काकाने पुतण्याच्या जागी पेशवेपदाची वस्त्रे घेतली, आणि १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाल्यावर बारभाईंनी त्यांच्या नावाने कारभार चालवून त्या काकाला दूर ठेवले, हा इतिहास आहे. घरातलाच माणूस, ज्येष्ठ-कनिष्ठाचा तंटा, आणि हक्काची जागा : मुळाकाठ यांनी सांगितलेला एसावाच्या तक्रारीचा रंग येथे पुरेपूर आहे. मूळ इंग्रजी लेखकाला तो अभिप्रेत असावा, असे त्या परिच्छेदाच्या सुरावरून दिसते. म्हणून येथे मी 'पुतण्याचा काटा काढून पेशवेपद बळकावले' असे लिहितो आहे.

साताऱ्याच्या वाक्यात अडचण उलटी आहे. १७४९ च्या डिसेंबरमध्ये शाहू महाराज वारले, पुढच्या वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि राज्याची सूत्रे नानासाहेबांकडे, म्हणजे पुण्याकडे, आली. परंतु साताऱ्याची गादी कोणी मोडली नाही आणि तिच्यावर पेशवा बसला नाही. नंतरचे पेशवेही पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच आणवत राहिले. जागा जिथल्या तिथे राहिली, वजन मात्र दुसरीकडे गेले. तेव्हा 'जागा घेतली' चूक, 'पदच्युत केले' त्याहून चूक. खो-खोच्या भाषेत सांगायचे तर येथे कोणी उठलेच नाही.

वस्तू जेथे कर्ता असते तेथे मात्र 'जागा घेतली' मला निर्वेध वाटते. छपाईला बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिपी सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिने व्यवहारात मोडीची जागा घेतली, या वाक्यात कोणावर ठपका नाही आणि ठेवण्याची गरजही नाही.

मुळाकाठ

साताऱ्याच्या बाबतीत कपट नव्हतेच, असे इतक्या खात्रीने का म्हणता? शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांना ताराबाईंनी साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले, त्यानंतर सत्तेसाठी जी ओढाताण झाली ती पाहता तुमचा लेखक तो शब्द मुद्दाम निवडत असेल. जुन्या इंग्रजी लेखकांच्या कानात बायबल घुमत असे.

लकडीपूल

शक्य आहे. परंतु या वाक्यात त्याने कर्ता म्हणून पेशव्याचे नाव घेतलेले नाही, शहराचे घेतले आहे. आणि शहर पायात पाय घालू शकत नाही. आधीच्या वाक्यात त्याने व्यक्तीचे नाव घेतले होते. हा फरक तो लिहिताना आपोआप पाळतो, म्हणून मीही पाळतो. 'सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला आले' एवढे लिहून ठेवले आहे. त्यात 'सप्लांट'मधला वरचढपणा थोडा कमी उतरतो, हे मला दिसते. 'पुण्यापुढे सातारा मागे पडला' असे जोडवाक्य देऊन तो भरून काढता येईल का, ते संपादकांशी बोलून ठरवेन.

शरीरशाळा

भाचीसाठी एक निरोप. परीक्षेत प्लांटॅरिसचे कार्य विचारले तर 'घोटा खाली वाकवायला आणि गुडघा दुमडायला किंचित साहाय्य' एवढे लिहावे आणि नर्व्ह म्हणून टिबियल लिहावी. तळपाय हलवतो, असे नावावरून ठोकून दिलेले उत्तर दर वर्षी पाच-सहा पेपरांत सापडते आणि त्याला गुण देता येत नाहीत.